नाताळचा फ्रूट केक: फळं आत्ता भिजवा, बाकीचं नंतर बोलू

राजेळी | ९ नोव्हेंबर

डिसेंबरची वीस-बावीस तारीख आली की फोन सुरू होतात. "ताई, तुमच्या त्या काळ्या केकची कृती पाठवा ना, परवा करायचाय." परवा होत नाही हो तो. म्हणून यंदा धागा नोव्हेंबरातच काढलाय. ज्यांना करायचाय त्यांनी आज वाचा, उद्या बाजारात जा आणि फळं भिजत घाला.

वाद नको म्हणून आधीच सांगते: हा केक रमचा नाही, फळांचा आहे. किलोभर फळांना मैदा जेमतेम पाव किलो, तोही फळं एकमेकांना धरून राहावीत एवढ्यापुरता. फळ सुमार असेल तर वरून कितीही उंची बाटली ओता, केक सुमारच होणार. बेकऱ्यांत डिसेंबरात ज्या तपकिरी विटा विकायला असतात त्यांत टूटीफ्रूटी आणि रंग यापलीकडे फारसं काही नसतं, त्यांच्यावरून या केकचं मत बनवू नका.

मी वसईची. क्रॅनबेरी-ब्लूबेरीच्या महागड्या पाकिटांच्या नादी मी लागत नाही, कारण लागणारं जवळपास सगळं आपल्याच मातीत पिकतं. आठ इंची गोल भांड्यासाठी माझं प्रमाण असं: काळ्या मनुका ३०० ग्रॅम, सोनेरी बेदाणे २००, बिया काढलेला खजूर १५०, सुकेळी १००, संत्र्याची पाकवलेली साल १००, आवळ्याचा मुरंबा आणि आल्याच्या वड्या मिळून १००, लाल चेरी ५०. ही चेरी बहुतेक वेळा पाकवलेलं करवंदच असतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही, उलट आंबटपणा छान उतरतो. टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपई. ती मात्र मी घालत नाही, तिला स्वतःची चवच नसते.

सुकेळी बाहेरच्यांना ठाऊक नसतील म्हणून सांगते. आमच्या वसई-आगाशीकडे पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. वाळता वाळता ती आक्रसतात, रंग गर्द तांबूस होतो आणि अंगावर आपलाच पाक सुटून चिकट होतात. चव मधाच्या जवळ जाणारी. सुरीला तुपाचं बोट लावल्याशिवाय कापली जात नाहीत. केकमध्ये ती विरघळल्यासारखी होतात, तुकडा दिसत नाही, पण ओलावा टिकतो तो त्यांच्यामुळे. नाही मिळाली तर अंजीर घ्या.

सगळं काळ्या मनुकेच्या आकाराचं चिरा. मोठे तुकडे राहिले की केक कापताना ढलप्या निघतात. काचेच्या बरणीत भरून २०० मिली काळी रम ओता, झाकण घट्ट लावा, अंधाऱ्या फडताळात ठेवा. फ्रिज नको. दर दोन-तीन दिवसांनी बरणी उलटी करा. तीन ते चार आठवडे उत्तम, दोन आठवडे चालतील. काजू-बदाम भिजवू नका, मऊ पडतात. ते शंभर ग्रॅम आयत्या वेळी.

आता जळकी साखर. केकचा काळा रंग आणि मागे रेंगाळणारा किंचित कडवटपणा तिचा. जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर, पाणी नाही, मंद आच. आधी कडेने वितळते, मग मधाच्या रंगाची होते, मग कोऱ्या चहाच्या. इथे बहुतेकजण घाबरून गॅस बंद करतात. थांबा. बारीक बुडबुडे वर येतील, धूर सुटेल, वास नाकाला झोंबेल आणि पाक जवळजवळ काळा दिसेल. त्या क्षणी गॅस बंद, आणि हात लांब ठेवून कडेने पाव वाटी कढत पाणी. गार पाणी नको, अंगावर उडतं. मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा. फसफसून शांत झालं की परत मिनिटभर उकळा. यातलं चार चमचे केकमध्ये, उरलेलं बाटलीत वर्षभर राहतं.

मिश्रण: लोणी २५० ग्रॅम आणि ब्राऊन शुगर २०० ग्रॅम हलकं होईपर्यंत फेसायचं. बाजारचं पिवळं लोणी खारट असतं, ते घेतलं तर वेगळं मीठ नको. अंडी पाच, घरातल्या तापमानाची, एकेक करून. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर चमचाभर मैदा टाकून पुढे जा. मग जळकी साखर, मैदा २२५ ग्रॅम, बदामाची पूड ५०, बेकिंग पावडर फक्त अर्धा चमचा. दालचिनी, लवंग, सुंठ आणि जायफळ मिळून दोन छोटे चमचे, त्यात जायफळाचा हात सढळ. शेवटी फळं, बरणीत उरलेल्या रमसकट. पीठ इतकं घट्ट हवं की लाकडी चमचा उभा राहील. फळं तळाला बसतात ती पीठ सैल असल्यामुळे. फळांना मैदा चोळण्याने फार फरक पडत नाही.

भांड्याला आतून बटर पेपर, त्याच्या बाहेर खाकी कागदाचे दोन थर. वह्यांना कव्हर घालायचा जुना साधा कागद घ्या, प्लॅस्टिकचं अस्तर असलेला चकचकीत नको. ओव्हन १४० अंश, तीन ते साडेतीन तास. दोन तास दार उघडायचं नाही. विणकामाची सुई मधोमध खुपसून कोरडी निघाली पाहिजे. आणि आमच्याकडची जुनी खूण: भांडं कानाजवळ नेऊन ऐका. आत चुरचुर ऐकू येतेय तोवर केक कच्चा. आवाज जवळजवळ थांबला की झाला.

भांड्यातच रात्रभर गार होऊ द्या. सुईने भोकं पाडून दोन चमचे रम, बटर पेपरमध्ये गुंडाळून वरून फॉइल. फॉइल थेट केकला लावू नका, फळांच्या आंबटपणाने ती खाल्ली जाते. मग दर आठवड्याला चमचा-दोन चमचे रम, एकदा वरून, एकदा उलटा करून. ताजा कापायचा नाही. ताज्या केकमध्ये लवंग वेगळी लागते, जायफळ वेगळं, रम वेगळी. दोन आठवड्यांनी ते भांडण मिटतं.

---

कोथरूडकर | ९ नोव्हेंबर

फोटो नाही, फाऊल!

बाकी कृती झकास. अवांतर: १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू बाळगायला-प्यायला परवाना लागतो. केक पिण्यात मोडतो की खाण्यात, यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा.

राजेळी | ९ नोव्हेंबर

@कोथरूडकर, केक झाला की फोटो. आत्ता बरणीचा फोटो टाकला तर लोणच्याचा धागा समजून लोक येतील. परवान्याचं तुम्ही बघा, बाटली आमचे हे आणतात.

---

बेदाणेवाला | १० नोव्हेंबर

मी तासगाव भागातला, घरी बेदाण्याचं शेड आहे. "सांगलीचा बेदाणा" म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे हे आधी अभिमानाने नमूद करतो.

आता कामाचं. आमच्याकडे द्राक्षं वाळत घालण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्याने सालीवरचं मेण सुटतं आणि पाणी लवकर उडतं, नाहीतर वाळायला कितीतरी जास्त दिवस जातील. पिवळ्या सोनेरी मालाला बहुधा गंधकाची धुरीही दिलेली असते. खाण्याजोगा असला तरी बेदाणा भिजवण्याआधी धुतलाच पाहिजे, आणि ताईंनी हे लिहिलेलं नाही. कोमट पाण्यातून दोनदा काढा, पंचावर पसरा आणि पंख्याखाली पूर्ण कोरडा होऊ द्या. ओला बेदाणा रममध्ये गेला तर रम पातळ होते आणि टिकाऊपणा कमी होतो.

खरेदी करताना मूठभर घेऊन दाबा. सोडल्यावर दाणे सुटे झाले पाहिजेत. गोळा राहिला तर माल ओला आहे. आणि काळी मनुका बिनबियांचीच मागा, बियांची औषधाला ठीक आहे, केकमध्ये दाताखाली येते.

राजेळी | १० नोव्हेंबर

अगदी बरोबर. धुणं इतकं हातवळणी पडलंय की लिहायचं सुचलंच नाही. सगळ्यांनी दादांचा प्रतिसाद मूळ कृतीचा भाग समजावा.

---

मीनल_ठाणे | १० नोव्हेंबर

घरात सासूबाई दारूचा थेंब चालवून घेत नाहीत, मुलं सहा आणि नऊ वर्षांची. "भाजल्यावर दारू उडून जाते" असं सगळे म्हणतात, ते खरं आहे का? आणि रमऐवजी संत्र्याच्या रसात महिनाभर भिजवलं तर? अंड्याशिवायचंही सांगा.

राजेळी | ११ नोव्हेंबर

मीनल, पूर्ण उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा याबद्दल तक्ता आहे: अर्धा तास भाजलं तर सुमारे ३५ टक्के मद्यार्क उरतो, दीड तासाने २० टक्के, अडीच तासांनी ५ टक्क्यांच्या आसपास. आपला केक तीन तास असतो, म्हणजे भाजतानाची रम नगण्य होते. पण नंतर जी वरून पाजतो ती कुठेच उडत नाही, ती केकमध्येच असते. म्हणून मुलांना, आणि ज्यांना नको आहे त्यांना, "काही नसतं हो त्यात" म्हणून हा केक देऊ नये. सासूबाईंना तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी वेगळा करायचा.

रसात महिनाभर अजिबात नको, बाहेर ठेवलंत तर आंबून बरणीचं झाकण उडेल. त्यासाठी वेगळी पद्धत आहे: हीच सगळी फळं, दीड वाटी संत्र्याचा रस, लोणी आणि साखर एका पातेल्यात घालून दहा मिनिटं मंद उकळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी अंडी आणि मैदा मिसळून भाजायचं. फळं छान फुगतात. चव निराळी, पण कमी नाही. मात्र हा केक हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवून आठ-दहा दिवसांत संपवा.

बिनअंड्याचा कंडेन्स्ड मिल्क घालून होतो, पण फळं निम्मी करावी लागतात. इतकं वजन पेलायला अंडंच लागतं. खरं सांगायचं तर तो मग दुसराच केक. चांगला असतो, चहाबरोबर खा.

---

संत्रानगरीतून | ११ नोव्हेंबर

सालीचं कुणी विचारलंच नाही, म्हणून मीच लिहितो. नागपुरात आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर बाजारात असतात, म्हणजे वेळ अगदी जुळते. बाजारची पाकवलेली साल आणू नका राव, नुसती साखर असते.

संत्री घासून धुवा. साल काढा, आपल्या संत्र्याची हातानेच सुटते. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडा. भरपूर पाण्यात उकळी आणून ते पाणी फेका, असं तीनदा. कडूपणा जातो, सगळा घालवूही नका. मग सालीच्या वजनाइतकी साखर, बुडेल इतकं पाणी, आणि अगदी मंद आचेवर साल पारदर्शक दिसेपर्यंत. पाऊण तास तरी लागतो. चाळणीवर काढून एक दिवस वाळवा. उरलेला पाक फेकू नका, चहात घाला.

नागपुरी साल पातळ असते, त्यामुळे लवकर शिजते पण लवकर कडकही होते. जाड गर हवा असेल तर त्यात ईडलिंबाची साल मिसळा.

---

पणजीचो | १२ नोव्हेंबर

वाचून भूक लागली. आमच्याकडे नाताळात केकपेक्षा बेबिंक, दोदोल, नेवऱ्या, कलकल यांचा मान मोठा. ताटं भरून शेजारी पाठवतात, हिंदू घरांतही, आणि चवथीला त्यांच्याकडून नेवऱ्या येतात.

एक विनंती: उत्साहाच्या भरात कुणी काजूची फेणी घालू नका. फेणी कुणाला जुमानत नाही. जायफळ, लवंग, संत्रं सगळे गप्प बसतात आणि केक नुसता फेणीचा होतो. फेणी पेल्यातच बरी.

---

यॉर्कशायरवासी | १३ नोव्हेंबर

इथे लीड्समध्ये जुन्या घरांत अजूनही ॲडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) आधीच्या रविवारी नाताळच्या पुडिंगचं मिश्रण ढवळायची प्रथा आहे. घरातला प्रत्येकजण एकदा चमचा फिरवतो आणि मनात काहीतरी मागतो. केकही त्याच सुमाराला होतो. वर बदामाचा मार्झिपान आणि त्यावर पांढरंशुभ्र कडक आयसिंग. इथल्या लग्नांतही पूर्वापार हाच केक. २०११ मध्ये राजपुत्र विल्यमच्या लग्नातला आठ थरांचा केकही फ्रूट केकच होता.

पण खरी गंमत वेगळीच. यॉर्कशायरात हा केक चीजबरोबर खातात. वेन्सलीडेल नावाचं पांढरं, भुसभुशीत, किंचित आंबट चीज असतं, त्याची चकती केकच्या तुकड्यावर. ऐकून मी नाक मुरडलं होतं, आता दुसऱ्या तऱ्हेने खाववत नाही. तिकडे करून बघायचं असेल तर साधं प्रोसेस्ड चीज नको. कोरडं, पाणी निथळलेलं ताजं पनीर चिमूटभर मिठासोबत थोडंफार जवळ जातं.

कोथरूडकर | १३ नोव्हेंबर

केकवर पनीर. आता फक्त बटर मसाला राहिला.

---

फिरस्ता_७१ | १४ नोव्हेंबर

वसईच्या सुकेळ्यांवरून आठवलं. भारतातल्या पहिल्या नाताळ केकचं श्रेय केरळातल्या तलश्शेरीला देतात. मांबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्याकडे १८८३ मध्ये ब्राऊन नावाच्या मळेवाल्या साहेबाने विलायतेहून आणलेला केक नेला आणि तसाच करून मागितला. ब्रँडी आणायला सांगितलं होतं, पण बापूंनी काजूची बोंडं आणि केळी आंबवून केलेली तिथलीच दारू घातली, अशी कथा तिकडे सांगतात. साहेब खूश. कथेत तिखटमीठ किती ते सोडा, पण केळ्याशी या केकचं नातं जुनं दिसतंय.

इलाहाबादला नोकरीनिमित्त होतो, तिथला नमुना अजून वेगळा. लोण्याऐवजी तूप, त्यात पेठा, मुरंबा, बडीशेप, जायपत्री. आणि लोक घरून सगळं सामान पिशव्यांत भरून बेकरीत नेतात, समोर उभं राहून फेसून घेतात, भाजून आणतात. डिसेंबरात बेकरीबाहेर पिशव्यांची रांग असते. बडीशेपेचा केक ऐकायला कसासाच वाटतो, खाल्ल्यावर मत बदलतं.

पाववाला | १४ नोव्हेंबर

फिरस्ता, हे फक्त तिकडचं नाही. आमची वडिलांपासूनची लाकडाची भट्टी आहे, मुंबईच्या उत्तरेला. पूर्वी डिसेंबरात आसपासची ख्रिस्ती कुटुंबं केकची भांडी घेऊन यायची, आताही थोडी येतात. भट्टी पावाला चढती लागते. पावाचा शेवटचा घाणा निघाला, निखारे ओढून काढले, की ती हळूहळू उतरत जाते. ती उतरती आच या केकसाठीच बनलेली आहे. दुपारी भांडी आत सरकवायची, दार लावायचं, संध्याकाळी लांब दांड्याच्या फळीने बाहेर. कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून भांड्याला नावाची चिठ्ठी तारेने बांधलेली. कागद चिकटवला तर जळतो. विद्युत ओव्हनला तो वास येत नाही, पण ताईंनी १४० अंश सांगितलेत ते त्याच हिशोबाचे आहेत.

राजेळी | १४ नोव्हेंबर

आमच्या आईची भांडी अशीच जायची. ॲल्युमिनियमची, काठाला दोरा बांधलेली.

---

शंकासुर | १५ नोव्हेंबर

महिनाभर बाहेर ठेवलेला केक, त्यात अंडी, लोणी. आणि तो खराब होत नाही? मला पटत नाही.

बेदाणेवाला | १५ नोव्हेंबर

बेदाणा का टिकतो, तेच कारण. पाणी असतं, पण साखरेने ते धरून ठेवलेलं असतं, बुरशीला वापरता येत नाही. वर मद्यार्क. अंडं तीन तास भाजून निघालेलं. मुरंबा वर्षभर राहतो, त्यावर शंका घेता का?

यॉर्कशायरवासी | १५ नोव्हेंबर

@शंकासुर, २०१७ मध्ये अंटार्क्टिकातल्या केप अडेअर इथल्या एका जुन्या झोपडीत हंटली अँड पामर्स कंपनीचा फ्रूट केक सापडला. कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतल्या लोकांनी नेलेला, शंभरहून अधिक वर्षांचा. पत्र्याचा डबा गंजलेला, केक मात्र दिसायला उत्तम. ज्यांना सापडला त्यांनी वास जवळजवळ खाण्याजोगा असल्याचं सांगितलं. थोडा वास खवट लोण्याचा होता म्हणे.

शंकासुर | १५ नोव्हेंबर

अंटार्क्टिका आणि डोंबिवली यात फरक आहे साहेब.

राजेळी | १६ नोव्हेंबर

तो आहेच. आपल्याकडे दोन शत्रू: दमट हवा आणि मुंग्या. डबा पूर्ण कोरडा हवा, केक कोमट असताना गुंडाळायचा नाही, नाहीतर आत घाम धरतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. डबा पाणी भरलेल्या परातीत वाटी पालथी घालून त्यावर ठेवा, मुंग्यांचा प्रश्न मिटला. पांढरा-हिरवा ठिपका दिसला तर तेवढंच कापून खायचा शहाणपणा करू नका, सगळा टाका. आणि बिनरमचा केक या नियमात बसत नाही, तो फ्रिजमध्येच.

---

मीनल_ठाणे | ६ डिसेंबर

फळं तयार आहेत (सासूबाईंची वेगळी उकळणार). प्रश्न ओव्हनचा. माझा ओटीजी छोटा आहे, साधा केकसुद्धा वरून करपतो आणि मधे कच्चा राहतो. १४० वर लावलं तरी आत किती असतं कोण जाणे. यात हा तीन तासांचा केक होईल का?

राजेळी | ६ डिसेंबर

होईल, पण भांडं लहान घे. छोट्या ओटीजीत वरची कांब केकच्या डोक्यावरच असते. तेच मिश्रण सहा इंची दोन भांड्यांत घाल आणि एकेक भाज, दोन ते सव्वादोन तास प्रत्येकी. दुसरं भांडं तोवर फ्रिजमध्ये खुशाल थांबतं, बेकिंग पावडर नावापुरतीच आहे. फक्त खालची कांब चालू ठेव, जाळी सगळ्यात खालच्या खाचेत. भांड्याखाली वर्तमानपत्राची जाड घडी घातलेला ट्रे ठेव, बूड करपत नाही. पण एक जप: बाहेरून गुंडाळलेला खाकी कागद कुठल्याही कांबेला टेकता कामा नये. जागा नसेल तर बाहेरचा कागद काढून टाक, आतला पुरे. तासाभराने वर फॉइल सैल झाकून दे. दार उघडणं तेवढं एकदाच.

आणि ओव्हनचा छोटा थर्मामीटर आण, भांड्यांच्या दुकानात मिळतो. या यंत्रांच्या बटणांवरचे आकडे देवाला आठवून छापलेले असतात. १४० वर लावून आत १७० निघणं काही नवल नाही, वरून करपून मधे कच्चं राहण्याचं कारण बहुतेक तेच.

पाववाला | ६ डिसेंबर

ताई, मधे खचला तर काय ते पण सांगा, दरवर्षी लोक विचारतात.

राजेळी | ७ डिसेंबर

खचतो तो लवकर दार उघडल्याने किंवा बेकिंग पावडर जास्त झाल्याने. खचलेला भाग सपाट कापायचा, कापलेलं स्वयंपाकघरातच खाऊन टाकायचं, केक उलटा करून बूड वर आणायचं. आयसिंग त्याच्यावर. इंग्रज बायका मुद्दामच उलटा करतात, बूड सपाट असतं म्हणून.

कोथरूडकर | ७ डिसेंबर

ते कापलेलं खायला वसईला कधी यायचं? फोटो अजूनही नाहीच.

राजेळी | ७ डिसेंबर

सव्वीसला या, संध्याकाळी. पंचवीसला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. येताना कॅम्पातली श्रूसबरी बिस्किटं आणा, फोटो तुम्हीच काढा.